अल्फान्सो तांडेलाची दुसरी खूण

उत्तनच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडे बघणारे पुष्कळ. समुद्रात उभं राहून किनाऱ्याकडे बघायला शिकलेली माणसं थोडी, आणि आमच्या गावात त्यांतला पहिला मान अल्फान्सो तांडेलाचा. तांडेल म्हणजे बोटीचं सुकाणू ज्याच्या हातात असतं तो. बोट त्याची स्वतःची होती, पण ती नसती तरी लोकांनी त्याला तांडेलच म्हटलं असतं. चालताना पाय फाकून चालायचा, जणू खालची जमीन कधीही हलेल. बोलायचा कमी. आणि बोलता बोलता मधेच थांबून हवेचा वास घ्यायचा.

त्याचा बाप त्याला लहानपणी बोटीवर न्यायचा तो मासे दाखवायला नव्हे, गाव दाखवायला. लांबून गाव कसं दिसतं ते पाठ करून घ्यायचा. किनाऱ्यावर एक उंच एकटा ताड होता. त्याच्या मागं टेकडीवर चुन्यानं पांढरा केलेला क्रूस. समुद्रातून घरी येताना ताडाच्या शेंड्यावर बरोबर क्रूस येऊन बसला, की समजायचं वाट मोकळी, पाण्याखालचा खडक डाव्या हाताला राहिला. क्रूस शेंड्याच्या बाजूला सरकलेला दिसला, की आपण सरकलो. बाप सांगायचा, नुसत्या ताडाकडे बघून काही कळत नाही, ताड सगळीकडून ताडच दिसतो. नुसत्या क्रूसाचंही तेच. दोन खुणा एका रेषेत आल्या तरच माणसाला कळतं, आपण कुठं आहोत. अल्फान्सोनं हे एवढं अंगात मुरवलं, की पुढं जीपीएसची मशीनं आली तेव्हा बायकोच्या आग्रहाखातर त्यानं एक बसवून घेतलं आणि त्यावर आपली टोपी अडकवून ठेवली. खलाशी हसायचे. तो म्हणायचा, टोपीला जागा बरी झाली.

त्या वर्षांत आमच्या मागचं आकाश बदलत होतं. भाईंदर पश्चिमेकडून एकेक इमारत वर यायची आणि टेकडीच्या खांद्यावरून डोकवायची. बाजाराला जाणाऱ्या बायका बसमधून त्या मोजायच्या आणि मग मोजणं सोडून द्यायच्या. समुद्रातल्या माणसाला त्यांचा त्रास नव्हता. क्रूस होता तिथं होता.

दोन हजार सहा साल असेल. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस. संध्याकाळची बोट परत येत होती. सूर्य पाठीमागं, पाण्यावर चकाकी, किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांच्या वर धुराचा पातळ पदर. त्या वर्षी क्रूसाला अजून चुना लागला नव्हता. पावसानं राखाडी पडला होता तो तसाच होता, टेकडीच्या रंगात मिसळलेला. आणि मागच्या एका नव्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी नुकतीच रंगवली होती, पांढरीशुभ्र. अल्फान्सोनं ताडाच्या शेंड्यावर पांढरं काहीतरी बसलेलं पाहिलं आणि सुकाणू त्या रेषेवर धरलं. वाट मोकळी म्हणून बोट जोरात होती.

खडकावर बोट चढली तेव्हा आवाज फार झाला नाही, असं तो नंतर सांगायचा. लाकूड नुसतं कण्हलं. बोटीच्या नाकावर त्याचा भाचा रॉनी उभा होता, बहिणीचा मुलगा, तिशीतला. तो पुढं फेकला गेला आणि त्याचा पाय बोट आणि खडक यांच्यामध्ये आला. मागून येणाऱ्या बोटींनी सगळ्यांना काढलं. बाकी कुणाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. रॉनीच्या पायात लोखंडी पट्टी बसली. बोटीची फळी फुटली, ती ओढून वर आणली. पुढं ओहोटी-भरती येत राहिली, ईस्टर झाला, मे आला, पावसाळ्याची बंदी लागली आणि सगळ्याच बोटी झावळ्यांखाली गेल्या.

फळी बदलून झाली. अल्फान्सो मात्र त्या संध्याकाळीच राहिला.

सकाळी चहाचा कप हातात घेतला, की त्याच्या डोक्यातली बोट निघायची. ताड. पांढरं. सुकाणू. लाकडाचं कण्हणं. रॉनीचा पाय. मशीनवरची टोपी. मग बाप समोर येऊन उभा राहायचा आणि काही न बोलता बघायचा. तिथून परत ताड. चहा गार व्हायचा, साय धरायची. टेरेझा, त्याची बायको, कप उचलून न्यायची, परत गरम करून आणायची, तोही गार. जेवताना तेच, चर्चमध्ये मिसा चालू असताना तेच. गुडघ्यावर बसलेला माणूस प्रार्थना करतोय असं शेजाऱ्याला वाटायचं, आणि हा आत खडकावर चढत असायचा.

त्यात त्यानं एक वेडेपणा केला. रॉनीचं घर बाजाराच्या वाटेवर होतं. त्याच्या दारावरून जायला नको म्हणून अल्फान्सो टेकडीला वळसा घालून जायला लागला. विचारलं तर म्हणायचा, चालणं चांगलं असतं. बहिणीकडे टेरेझाच्या हाती मासे पाठवायचा, औषधं पाठवायचा, स्वतः जायचा नाही.

जून संपता संपता त्यानं टेरेझाला सांगितलं, नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडेल तेव्हा बोट शेजारच्या पाली गावातल्या एका तांडेलाला चालवायला द्यावी. आपला हात आता सुकाणूचा राहिला नाही. टेरेझानं ऐकलं आणि बोंबलाची टोपली जमिनीवर ठेवली. तिला कळलं होतं, की हा बोट देत नाहीये, स्वतःला देऊन टाकतोय. बोट एकदा दुसऱ्याच्या हाती गेली, की हा माणूस ओट्यावर बसणार आणि मरेपर्यंत तिथंच बसणार. दुसऱ्या दिवशी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली. कारण सांगितलं, प्रेशर बघू.

दवाखान्यात मंदाबाई होत्या. रत्नागिरीकडच्या, भाईंदर पश्चिमेला राहणाऱ्या, रोज बसनं उत्तनला येणाऱ्या नर्स. अंगानं बारीक, आवाजानं मोठ्या. त्यांनी अल्फान्सोच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला, आणि पट्टा सोडायच्या आधी विचारलं, झोप कशी आहे. तो म्हणाला, बरी. टेरेझा मागून म्हणाली, खोटं हाय. मंदाबाईंनी डॉक्टरांकडून गोळी लिहून आणली आणि बाहेरच्या बाकावर त्याच्याशेजारी येऊन बसल्या.

“काका, गोळी तर चालू करू. पण डोक्यात कोण भांडतंय ते गोळीला कसं कळणार? तुम्ही सांगा मला.”

त्यानं सांगितलं. कमी बोलणारा माणूस, थोडक्यात सांगितलं, आणि सांगून संपल्यावर परत पहिल्यापासून सांगायला लागला. मंदाबाईंनी त्याला थांबवलं. त्या म्हणाल्या, त्यांची आई गेली तेव्हा गावाला जायची एसटी चुकली होती. वर्षभर त्या मनातल्या मनात तीच एसटी पकडत राहिल्या. भाजी चिरताना पकडायच्या, इंजेक्शनच्या सुया उकळताना पकडायच्या. एकदाही मिळाली नाही. मग कुणीतरी त्यांना काही साधे व्यायाम सांगितले. मनाचे. हातापायाचे असतात तसे.

“व्यायाम म्हणजे व्यायामच हां, काका. एकदा करून काय होत नाही. आणि हसू येतं पहिल्यांदा.”

पहिला व्यायाम असा, की विचार आला की त्याच्याशी भांडायचं नाही. किनाऱ्यावर बसून जाणारी बोट बघतो तसं बघायचं. आली, म्हणायचं. गेली, म्हणायचं. अल्फान्सो घरी आला आणि आपल्या झाकलेल्या बोटीला टेकून बसला. विचार आला. त्यानं त्याची बोट केली. पण त्याला प्रत्येक बोट ओळखता यायची. ही कुणाची, हिचं इंजिन धूर का सोडतं, हिच्या मालकानं मागच्या वर्षी आपल्या जाळ्यावरून कशी नेली, त्यावर पंचायतीत काय झालं. तासाभरानं तो त्या मालकावर चांगलाच तापून उठला. पुढच्या वेळी त्यानं मंदाबाईंना सांगितलं, तुमचा व्यायाम कामाचा नाही. त्या हसल्या आणि म्हणाल्या, त्या तासात खडक आठवला का? खडक आठवला नव्हता.

दुसरा व्यायाम त्याला आवडला नाही तरी तो करत राहिला. विचाराला वेळ नेमून द्यायची. दिवसभर तो आला की सांगायचं, आत्ता नाही, संध्याकाळच्या घंटेनंतर ये. चर्चची घंटा झाली की तो बोटीशी जाऊन बसायचा आणि म्हणायचा, आता ये. पुष्कळदा विचार येतच नसे. बोलावलं की न येणाऱ्या बकरीसारखा. तेवढ्यात डास चावायचे आणि तो घरी जायचा. टेरेझाच्या लक्षात आलं, की दिवसा त्याचा चहा हळूहळू गरम असतानाच संपतोय. आणखी एक होतं, हाताला जे लागेल त्याचं नाव घ्यायचं. दोर खरखरीत आहे. डांबर चिकट आहे. झावळी ओली आहे. हे तो मोठ्यानं म्हणायचा आणि येणारे जाणारे एकमेकांकडे बघायचे.

पण गाठ खरी सुटली नव्हती. दिवसाकाठी एक वाक्य तरी येऊन त्याला धरायचंच. तू पोराचा पाय मोडलास. हे वाक्य बोट नव्हतं, वेळ सांगून परतही जात नव्हतं.

मंदाबाई म्हणाल्या, “ते वाक्य पुसू नका. खरं आहे ते. त्याच्या बाजूला दुसरं वाक्य ठेवा. पण तेही खरंच पाहिजे. गोड नको, समजूत घालणारं नको. खरं.”

अल्फान्सो बसल्या जागी ताठ झाला. तो म्हणाला, म्हणजे दुसरी खूण. मंदाबाईंना कळलं नाही, मग त्यानं त्यांना ताड आणि क्रूस समजावून सांगितला. एका खुणेवर किती माणसं चुकतात ते सांगितलं. दवाखान्याच्या बाकावर त्या दिवशी तो जेवढं बोलला तेवढं त्या अख्ख्या पावसाळ्यात बोलला नव्हता.

घरी येऊन तो दुसरं वाक्य शोधायला लागला. टाकी नवी होती. हे खरं, पण हे टाकीवर ढकलणं झालं. क्रूसाला चुना नव्हता. हे गावावर ढकलणं झालं. देवाची इच्छा. हे त्याला देवावर ढकलल्यासारखं वाटलं. जे हाती येई ते एकतर गोड निघे, नाहीतर दुसऱ्याच्या माथ्यावरचं. आठवडाभरानं त्यानं जाऊन हार मानली. मंदाबाई कुणाच्या तरी जखमेवर पट्टी बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, तुमच्या डोक्यात नसेल तर जो तिथं होता त्याच्याकडे असेल. त्याला विचारा.

तो तिथून उठला तो थेट घरी. रॉनीकडे गेला नाही.

अशात नारळी पौर्णिमा जवळ आली. झावळ्या निघाल्या, बोटींना रंग लागला, इंजिनं खोकून बघायला लागली. टेकडीवरच्या क्रूसाला गावातल्या पोरांनी उघडीप बघून चुना दिला. फादर बोटींना आशीर्वाद द्यायला येणार तो दिवस ठरला. पालीचा तांडेल एकदा येऊन बोट बघून गेला, फळीवर हात फिरवून म्हणाला, काम बरं झालंय. तो गेल्यावर टेरेझा दारात उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही.

“बोट द्यायची तर दे. पण आधी त्या पोराला सांगून ये, की मी बोट देतोय. पालीच्या माणसाच्या तोंडून त्याला कळलं तर तुझ्या बापाला पण लाज वाटंल. आणि टेकडीवरून जाऊ नको, सरळ वाटंनं जा.”

तो सरळ वाटेनं गेला.

रॉनी ओट्यावर बसला होता, पट्टीचा पाय पाटावर लांब ठेवून, मांडीवर जाळं घेऊन. फाटलेल्या जागी दोरा ओवत होता. मामाला बघून त्याचा हात थांबला. अल्फान्सो उभाच राहिला. बोटीचं सांगायला आला होता, पण ते सोडून त्याच्या तोंडून दुसरंच निघालं. तो म्हणाला, मी तुझा पाय मोडला.

रॉनीनं दोऱ्याचं टोक दातात धरलं होतं ते काढलं.

“मामा, तुम्ही रागावलात म्हणून येत न्हाय असं मना वाटलं.”

“मी कशाला रागवू?”

“मी म्हटलं ना तुम्हाला, क्रूस आला म्हणून.”

अल्फान्सो खाली बसला. रॉनी सांगत गेला. तो नाकावर उभा होता, पुढं बघायचं काम त्याचं. त्यालाही ताडावर पांढरं दिसलं आणि त्यानं मागं वळून ओरडून सांगितलं होतं, मामा, क्रूस आला. त्यावर मामानं हात वर केला होता. तेव्हापासून हा पाय पाटावर ठेवून रॉनी रोज तेच ओरडत होता. क्रूस आला. आणि रोज बोट खडकावर चढत होती. मामा मासे पाठवतो, औषध पाठवतो, पण तोंड दाखवत नाही, म्हणजे मामाला कळलंय चूक कुणाची, असं त्यानं धरून ठेवलं होतं. पाय दुखायचा तेव्हा त्याला बरं वाटायचं, शिक्षा झाली म्हणून.

अल्फान्सो ऐकत होता. त्यानं ती संध्याकाळ एवढ्या वेळा पाहिली होती, आणि त्यात रॉनीचा आवाज नव्हता. एकदाही नव्हता. हात वर केलेला आठवत नव्हता. त्यानं विचारलं, मग पुढं काय झालं? रॉनीनं त्याच्याकडे नवलानं पाहिलं.

“पुढं तुम्ही उडी मारली ना. बोट हलत होती, परत माझ्यावर आली असती. तुम्ही पाठ लावून धरली ती, बाकीचे येईपर्यंत. न्हायतर पाय न्हाय, मीच गेलो असतो. तुम्हाला आठवत न्हाय?”

आठवत नव्हतं. पाठीवर पुढं कित्येक दिवस काळानिळा डाग होता, टेरेझा तेल लावायची, आणि तो कुठून आला हे त्यानं स्वतःला कधी विचारलंच नव्हतं. डोक्यातली बोट रोज लाकडाच्या आवाजापाशी यायची आणि तिथूनच माघारी फिरायची. पुढचं पाणी तिनं कधी दाखवलं नाही.

त्यानं रॉनीच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाला, तू ओरडलास ते खरं असेल, पण सुकाणू माझ्या हातात होतं. रॉनी म्हणाला, सुकाणू तुमच्याच हातात होतं, मी कुठं न्हाय म्हणतोय. पण उडी पण तुम्हीच मारली. आतून रॉनीची आई चहा घेऊन आली, भावाला बघून तशीच आत वळली आणि आणखी एक कप घेऊन परत आली. डोळे पुसलेले तिनं कुणाला दिसू दिले नाहीत.

बोट देणार असल्याचं सांगायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर टेरेझानं विचारलं, सांगितलंस का? तो म्हणाला, पालीच्या माणसाला निरोप पाठव, बोट रिकामी नाही. ती वळून आत गेली आणि बराच वेळ आत भांडी वाजत राहिली.

आशीर्वादाच्या दिवशी फादरनी बोटींवर पाणी शिंपडलं. त्यानंतर पहिल्यांदा बोट निघाली तेव्हा रॉनी लंगडत येऊन बसला. जड काम त्याच्यानं व्हायचं नव्हतं. मामानं त्याला मशीनजवळ बसवलं आणि म्हणाला, आकडा बदलला की मोठ्यानं सांगत जा. टोपी मामाच्या डोक्यावर होती. खलाशांनी एकमेकांना कोपर मारलं.

परत येताना वारा पडला होता. लांबून किनारा निळा, मग हिरवा झाला. ताड दिसला. अल्फान्सोच्या डोक्यात तेच जुनं वाक्य आलं. तू पोराचा पाय मोडलास. यावेळी तो त्याच्याशी झगडला नाही. सुकाणूवरचा हात तसाच ठेवून तो मोठ्यानं म्हणाला, मी याचा पाय मोडला. आणि थांबून म्हणाला, मी पाठ लावून बोट धरली, याच्यावर येऊ दिली नाही. रॉनीनं मशीनकडे बघत आकडा सांगितला. चुना दिलेला क्रूस सरकत सरकत शेंड्यावर आला आणि तिथं थांबला. डाव्या हाताला, बऱ्याच अंतरावर, पाणी एका जागी थोडं काळं होतं आणि त्यावर फेस येऊन जात होता. बोट पुढं गेली.

विचार पुढंही येत राहिला, हे मी लपवणार नाही. आजही येतो. अल्फान्सो सांगतो, तो येतो तेव्हा आता एकटा येत नाही, त्याच्यामागं दुसरा उभा असतो. बोटीवरच्या माणसांनाही त्यानं तेच लावलंय. कुणी म्हणालं, माझ्यामुळे झालं, की विचारतो, आणखी काय काय झालं ते सांग. मंदाबाईंची बदली झाली तेव्हा त्यानं त्यांना सुक्या बोंबलाचं एवढं मोठं पुडकं दिलं, की बसमध्ये शेजारी कुणी बसेना, असं त्यांनीच नंतर फोनवर हसत सांगितलं.

पण त्या पहिल्या दिवशी, बोट लागली तेव्हा, टेरेझा टोपली घेऊन पाण्यात उभी होती. तिनं आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग रॉनीकडे, मग मासळीकडे. मासळी बारीकच होती, हंगाम नुकताच उघडला होता. ती म्हणाली, एवढ्यासाठी सकाळपासून गेला होतात? अल्फान्सो म्हणाला, बारीक कुठं आहे, नीट बघ. ती म्हणाली, माझे डोळे ठीक आहेत. तो म्हणाला, तुला मासळीतलं काय कळतं? त्यावर तिनं त्याला त्याच्या आईपासून सुरुवात करून जे काय सुनावलं ते ऐकत अख्खा किनारा उभा होता. दोघं टोपलीचा एकेक कान धरून वाळूतून वर चालले होते आणि भांडत होते. कितीतरी महिन्यांनी त्या घरात आजच्या मासळीवरून भांडण झालं होतं.